वार्तापत्रास वाचक कोठून आणावे?

गेल्या कांहीं महिन्यांत आपल्या मंडळींच्या बैठकींत एक प्रश्न वारंवार निघत आहे. हें मासिक महिन्यांतून एकदांच निघतें. छापून, टपालानें घरीं पोंचेपर्यंत त्यांतील कांहीं सल्ला शिळा होतो. काजूला नवी पालवी व मोहोर येऊं लागला कीं ढेकण्याचा उपद्रव सुरू होतो; कोवळी फूट, मोहोर आणि लहान बिया यांतील रस शोषून तो कीटक सर्व वाळवून टाकतो. याविषयींची सूचना पालवीच्या वेळीं मिळाली तर उपयोगाची. मोहोर करपल्यावर मिळाली तर ती सूचना नव्हे, शोकवार्ता होय. म्हणून मासिकाच्या जोडीला ई-मेलनें जाणारें एक लहानसें वार्तापत्र संघानें काढावें, हा विचार पुढें आला व तो सर्वांस पसंत पडला. वाद आहे तो पुढच्या गोष्टीविषयीं. पत्र निघेल, पण तें वाचणार कोण, आणि तो वाचक आणावयाचा कोठून? या प्रश्नाविषयीं आमचें मत येथें मांडण्याचें योजिलें आहे.

आमचें शिक्षण मराठी सातव्या इयत्तेपर्यंतचें. पुढील आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत कारकुनी करण्यांत गेलें. तेव्हां नव्या यंत्रविद्येंत आमचा अधिकार नाहीं, हें प्रथमच कबूल करतों. परंतु नोंदवही म्हणजे काय, ती खरी कशी राहते व खोटी कशी होते, हें मात्र आम्हांस थोडेंबहुत कळतें. वार्तापत्राच्या वाचकांची यादी ही एक नोंदवहीच होय, आणि ती कशी भरावी यांतच सर्व मर्म आहे.

बैठकींत एका उत्साही सभासदानें असें सुचविलें कीं, सात-बाराचे उतारे आतां संगणकावर कोणासही पाहतां येतात. त्यांवरून खातेदारांचीं नांवें उतरवून घ्यावीं, पत्त्यांच्या याद्या विकणारे लोक आहेत त्यांच्याकडून ई-मेलचे पत्ते विकत घ्यावे, आणि एका दिवसांत हजारों लोकांस पत्र धाडून मोकळें व्हावें. सूचना सद्हेतूची होती यांत शंका नाहीं. तथापि तिला आमचा स्पष्ट विरोध आहे. ज्याचें नांव सात-बारावर आहे तो जमिनीचा खातेदार खरा. पण तेवढ्यानें तो आपला वाचक होत नाहीं. दप्तरांतील नांव ज्या कामासाठीं आलें त्याच कामासाठीं वापरावें, हा धडा आम्ही नोकरींत पहिल्या वर्षीं शिकलों. आपल्या संसदेनें २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला; माणसाच्या संमतीवाचून त्याची माहिती वापरूं नये, हेंच त्याचें मुख्य सूत्र आहे. हें धर्माचें व कायद्याचें झालें. व्यवहाराचीही गोष्ट ऐका. न मागितलेलें पत्र आलें कीं मनुष्य त्यास ‘स्पॅम’ म्हणून खूण करतो. जीमेलसारख्या टपालखान्यांनीं २०२४ सालापासून घाऊक पत्रें पाठविणाऱ्यांचे नियम कडक केले आहेत. अशा खुणा वाढल्या म्हणजे पाठविणाऱ्याचें सर्वच टपाल संशयास्पद ठरतें. मग ज्यांनीं पत्र मागून घेतलें, त्यांसही तें मिळत नाहीं. म्हणजे परक्याच्या शेतांत घुसून आपलें पीक तर वाढत नाहींच, उलट आपल्या कुणग्यांतलेंही वाळून जातें.

मग वाचक मिळावे कसे? या बाबतींत महाराष्ट्रांतच, आणि तेंही शेतीच्याच धंद्यांत, एक उत्तम उदाहरण घडलेलें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमिनींत विष कालवतें अशी शेतकऱ्यांची समजूत होती व नांगरास गिऱ्हाईक मिळेना. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली, कारखाना हळूहळू उभा राहिला, आणि १९२० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं ‘किर्लोस्कर खबर’ हें पत्रक सुरू केलें. कारखाना, त्याचे विक्रेते व त्याचीं गिऱ्हाइकें यांस एका सूत्रांत बांधणारें तें लहानसें गृहपत्र होतें. पण तें नुसत्या मालाच्या जाहिरातीवर थांबलें नाहीं. वाचकास उपयोगी पडेल, विचार करावयास लावील असा मजकूर त्यांत येऊं लागला. पुढें ‘खबर’ हा शब्द गळून ‘किर्लोस्कर’ हें महाराष्ट्रांतील एक नामांकित मासिक झालें; १९३० सालीं ‘स्त्री’ व १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं त्याचीं भावंडें निघालीं. नांगराच्या पाठीवर बसून पत्र घरोघर गेलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. यांतला बोध हा कीं, धंद्यामुळें जीं माणसें आधींच एकमेकांस ओळखत होतीं, त्यांच्यापासून वाचकवर्गाचा आरंभ झाला. आणि पत्रांत कांहीं घेण्याजोगें होतें म्हणून तो टिकला व वाढला.

आज अशी धंद्याची ओळखदेख ठेवण्याचें एक ठिकाण लिंक्डइन हें आहे. २००३ सालीं अमेरिकेंत तें सुरू झालें. २०१६ पासून तें मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या मालकीचें आहे. तेथें मनुष्य आपलें नांव, धंदा, शिक्षण व अनुभव उघड मांडून समव्यवसायी लोकांशीं संबंध जोडतो. येथें कोणी हंसून विचारील कीं, कट्ट्याचा किंवा पेंडूरचा शेतकरी तेथें कोठें बसला आहे? प्रश्न रास्त आहे. आपले कसणारे शेतकरी तेथें फारसे नाहींत. परंतु आपल्या शेतीशीं ज्यांचा संबंध आहे असे लोक तेथें आहेत: दापोलीच्या कृषि विद्यापीठाचे पदवीधर, काजू प्रक्रियेचे कारखानदार, आंब्याची निर्यात करणारे, बँकांचे शेतकी अधिकारी, रोपवाटिकांचे चालक.

आणि याहून महत्त्वाचा एक वर्ग आहे, ज्याच्यासाठीं हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालों. वारसांच्या नोंदी लिहितां लिहितां आम्हांस एक गोष्ट नित्य दिसे. एका उताऱ्यावर दहा-बारा सहहिस्सेदार. त्यांतले दोन गांवीं, बाकीचे मुंबई, पुणें, नाहींतर आखातांत. गांवच्या भावास कलमें लावावयाचीं असतात, पण संमतीची सही मिळत नाहीं. चाकरमान्यास गांवची ओढ असते, पण आपल्या भरडावर काय पिकूं शकतें, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानें काजूच्या कोणत्या जाती काढल्या, झाड कितव्या वर्षीं धरूं लागतें, यांतलें कांहींच त्यास ठाऊक नसतें. तो गणपतीला येतो, वाढलेलें रान पाहतो, हळहळतो आणि परत जातो. अशीं किती तरी शेतें सामाईक राहून ओसाड पडलेलीं आम्हीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत. हे शहरांतले शिकलेले सहहिस्सेदार लिंक्डइनवर आहेत. आपलें वार्तापत्र त्यांच्या हातीं पडलें, तर तो केवळ एक वाचक वाढला असें होणार नाहीं. एखाद्या पडीक जमिनीची सही मिळण्याचा मार्ग मोकळा होईल.

परंतु तेथें जावें कसें, हेंही सांगितलें पाहिजे. कारण आम्ही स्वतः तेथें आधीं चुकलों आहों. भाच्याच्या मदतीनें खातें उघडलें, त्या पहिल्याच आठवड्यांत दिसेल त्या कोंकणी आडनांवाच्या गृहस्थास आम्हीं एकच मजकूर धाडला: ‘आमचें वार्तापत्र निघत आहे, आपला पत्ता कळवावा.’ बहुतेकांनीं उत्तर दिलें नाहीं. मालवणकडच्याच एका गृहस्थांनीं मात्र लिहिलें: ‘काका, आपण कोण? माझा पत्ता आपणांस कशासाठीं हवा?’ वाचून आम्ही खजील झालों. अनोळखी घराच्या पडवींत चढून, राम राम न करतां, थेट सातबारा मागितल्यासारखें तें झालें होतें.

त्यानंतर आम्ही रीत बदलली. प्रथम आपण कोण, कोठले, कोणतें काम केलें, हें साध्या शब्दांत लिहिलें. मग आठवड्यांतून एकदां, ज्यांतलें आम्हांस खरोखर कळतें अशी एकच गोष्ट उघड लिहूं लागलों: वारस नोंदीस कोणते कागद लागतात, सामाईक जमिनीचें वाटप कसें होतें, फेरफारावर हरकत केव्हां घ्यावी. दुसऱ्यानें कांहीं विचारलें तर त्याच्याच लिखाणाखालीं उत्तर दिलें. त्यांत आपल्या पत्राची जाहिरात घुसडली नाहीं. लेखाच्या शेवटीं मात्र एक ओळ ठेविली कीं, याविषयीं अधिक माहिती वार्तापत्रांत येईल, ज्यांस हवी त्यांनीं पत्ता कळवावा. आतां लोक आपण होऊन पत्ता देऊं लागले. नांवें थोडीं आहेत, पण प्रत्येक नांव मागून आलेलें आहे. पूर्वीच्या गृहस्थांनींही पुढें पत्ता कळविला आणि सोबत आपल्या आठ-अ विषयीं एक प्रश्न विचारला, हें येथें नमूद करण्यास आम्हांस संतोष वाटतो.

एका धोक्याची सूचना महसुली माणूस म्हणून देणें आमचें कर्तव्य आहे. लिंक्डइनवरच वार्तापत्र काढण्याची सोय आहे व तिला वर्गणीदार लवकर मिळतात. परंतु त्या वर्गणीदारांचे ई-मेलचे पत्ते लेखकाच्या हातीं येत नाहींत. ते त्या कंपनीकडेच राहतात. ही खंडाची जमीन झाली. आणि १९४८ च्या कूळकायद्यानें जें संरक्षण कुळास दिलें, तसें येथें कांहीं नाहीं. मालकाच्या मनांत येईल त्या दिवशीं बांध मोडेल. ऑर्कुट नांवाचा असाच एक मेळा आपल्या देशांत घरोघर पोंचला होता. २०१४ सालीं तो बंद झाला व त्यावरील गोतावळा पांगला. म्हणून लिंक्डइनवर ओळख करावी, पण बी पेरावें तें आपल्या मालकीच्या वाफ्यांत, म्हणजे संघाच्या स्वतःच्या यादींत.

कोणी म्हणतील, आमचे वडीलधारे ई-मेल वाचीत नाहींत, त्यांचें काय? हें मासिक त्यांच्यासाठीं आहेच, आणि तें बंद करण्याची गोष्ट कोणीही बोलूं नये. शिवाय वार्तापत्राचें एक पान छापून संघाच्या फळ्यावर व कट्ट्याच्या बाजारांतील दोन-चार दुकानांत लावण्यास कितीसा खर्च येतो? नातवानें आजोबांस मोबाइलवर वाचून दाखविलें, तर तोही वाचकच मोजावा.

सारांश, संघाच्या कार्यकारी मंडळानें तीन ठराव करावे अशी आमची विनंती आहे. पहिला, जो आपण होऊन पत्ता देईल, आणि पुन्हां एकदां पत्रानें विचारल्यावर ‘होय’ म्हणेल, त्याचेंच नांव यादींत घालावें. आणि ज्यास नको होईल त्याचें नांव कारण न विचारतां त्याच दिवशीं कमी करावें. दुसरा, पत्र ठरल्या वारीं निघावें व एका पत्रांत एकच विषय असावा. तिसरा, सभासदांपैकीं जे शिकलेले तरुण लिंक्डइनवर आहेत, त्यांनीं प्रत्येकीं आपल्या ओळखीच्या पांच व्यवसायबंधूंस पत्राचा एक अंक वाचावयास द्यावा. वर्गणीदार होण्याचा आग्रह मात्र करूं नये.

या जिल्ह्यानें वाचक मिळविण्याचें काम पूर्वीही केलें आहे. १८३२ सालीं मराठींतलें पहिलें वृत्तपत्र ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर आपल्याच देवगड तालुक्यांतील पोंभुर्ल्याचे. त्या काळीं वर्तमानपत्र विकत घेऊन वाचावें ही कल्पनाच लोकांस नवी होती. त्या मानानें आपलें काम कितीतरी सोपें आहे. काजूचें कलम लावलें कीं दुसऱ्या दिवशीं आपण बोंडू मोजीत बसत नाहीं. यादीही तशीच वाढूं द्यावी. पुढच्या गणेशचतुर्थीस येणारा एखादा चाकरमानी रान पाहून हळहळण्याऐवजीं ‘दादा, यंदा कलमें लावूंया, कोठें सही करूं?’ असें विचारील, तर या खटाटोपाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.