वाचण्याची वर्गणी आणि ठेवण्याची जागा

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि सुमारे ६,३०० सरकारी संस्था असा तिचा व्याप आहे. आडगावच्या शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याला आता नामांकित नियतकालिके वाचता येतील, याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही या निमित्ताने इंटरनेटच्या आरंभकाळातील दोन बातम्या आठवतात. त्यांपैकी एकच आपण नीट लक्षात ठेवली, असे मला वाटते.

पहिली बातमी १५ ऑगस्ट १९९५ ची. त्या दिवशी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. आरंभीच्या शहरांत तेव्हाचे मद्रासही होते. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट, म्हणजे एक मेगाबाइटची फाइल उतरवायला सुमारे १४ मिनिटे, तीही दूरध्वनी मध्येच तुटला नाही तर. ज्याला ती दर्शनी किंमत परवडली, तो आत, बाकीचे बाहेर. इंटरनेट म्हणजे वर्गणी भरून मिळवायची सोय, ही समजूत येथूनच रुजली.

दुसरी बातमी चार वर्षे आधीची आणि वृत्तपत्रांनी फारशी न घेतलेली. १४ ऑगस्ट १९९१ रोजी पॉल गिन्स्पार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने अमेरिकेतील लॉस अलामोस येथील एका संगणकावर प्रीप्रिंटचे भांडार सुरू केले. तेच आजचे ‘आर्काइव्ह’. तोवर अप्रकाशित निबंधांच्या छापील प्रती टपालाने फिरत. त्या आधी नामवंत विद्यापीठांत पोहोचत आणि आपल्याकडे येईपर्यंत शिळ्या होत. नव्या भांडारात मात्र ई-मेल पाठवणारा प्रत्येक जण सारखाच. निबंध ‘टेक’ प्रणालीतील साध्या मजकुराच्या रूपात येई. अशी ५० किलोबाइटची फाइल वरील मंद जोडणीवरही पाऊण मिनिटात उतरली असती. साधन तुटपुंजे होते, पण रचना त्याला साजेशी होती.

चेन्नईचा या दुसऱ्या बातमीशी जवळचा संबंध आहे. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने सुरू झालेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याच्या पहिल्या आठ संस्थांत आयआयटी मद्रास होती. पुढे तरमणी येथील इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसने आर्काइव्हची भारतातील प्रतिकृती, म्हणजे ‘मिरर’, आपल्या संगणकावर चालवली. परदेशी जोडणी मंद आणि महाग असताना संपूर्ण भांडाराची प्रत येथेच असणे ही मोलाची गोष्ट होती. आपण तेव्हा केवळ वाचक नव्हतो; जगाच्या ज्ञानभांडाराचे राखणदारही होतो.

आजच्या योजनेत हा दुसरा धडा कोठे आहे? वर्गणी संपली की वाचनही संपते. २०२७ नंतर पुन्हा वाटाघाटी होतील आणि तेव्हा हातात काय असेल? शिवाय योजना सरकारी संस्थांसाठी आहे. खासगी महाविद्यालयातील विद्यार्थी, शाळेतील विज्ञानशिक्षक, निवृत्त संशोधक हे दाराबाहेरच राहतात. ज्या संशोधनाचा खर्च त्यांच्याच करातून झाला, तेही त्यांना वाचता येऊ नये, हे मला पटत नाही.

यावर उपाय नवा नाही. जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांनी डिसेंबर २०१४ मध्येच मुक्त प्रवेशाचे धोरण जाहीर केले. अनुदानातून झालेल्या संशोधनाची स्वीकृत प्रत सार्वजनिक भांडारात ठेवावी, असे ते सांगते. पुढील अनुदान देताना ‘मागील निबंध कोठे ठेवले?’ एवढा एक प्रश्न सक्तीने विचारला, तरी हे धोरण कागदावरून उतरून कामाला लागेल.

‘परीक्षण न झालेल्या निबंधांवर विश्वास कसा ठेवावा?’ हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच परीक्षणानंतरची, लेखकाने सुधारलेली प्रत तेथे ठेवावी. भौतिकशास्त्रातील बहुतेक मोठे प्रकाशक तशी मुभा देतात.

भारतात आर्काइव्हची नवी यादी पहाटे येते. माझा दिवस तिच्यापासूनच सुरू होतो आणि त्यासाठी मला कोणाला वर्गणी द्यावी लागत नाही. विद्यार्थी मित्रांनो, नव्या योजनेचा भरपूर लाभ घ्या. मात्र तुमचा पहिला निबंध स्वीकारला गेला, की त्याच दिवशी त्याची प्रत खुल्या भांडारात ठेवा. मार्गदर्शकांना तसे नम्रपणे, पण आग्रहाने सांगा. वाचण्याची सोय सरकार विकत घेऊ शकते. आपले लेखन सर्वांसाठी खुले ठेवण्याचे काम आपणच करायचे आहे.