कुंपणच शेत खाते तेव्हा



साखरेचा आजार म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस. म्हणून शाळकरी पोराला मधुमेह झाला असे डॉक्टरांनी सांगितले, तर घरच्यांना ते पटत नाही. ‘आमच्या घराण्यात कुणाला नाही, मग ह्याला कुठून आला?’ असे म्हणतात. पण मुलांना बहुधा होतो तो पहिल्या प्रकारचा मधुमेह. तो आजार वेगळा. तो झालेल्या बहुतेक मुलांच्या घरात आधी कुणालाच तो नसतो. गोड खाल्ल्यानेही तो होत नाही.

मग होते तरी काय? जठराच्या मागे स्वादुपिंड असते. त्यातल्या काही पेशी इन्शुलिन तयार करतात. अन्नातली साखर रक्तात उतरली की ती अंगी लावायचे काम ह्या इन्शुलिनचे. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी राखणही असते. ह्या आजारात ती राखणच इन्शुलिनच्या पेशींना परके समजून मारू लागते. कुंपणानेच शेत खावे, तसला प्रकार! हे एका रात्रीत होत नाही. महिनोन्‌महिने, कधी वर्षेही चालते. तोवर पोर हसत-खेळत असते.

परंतु ह्या नासाडीच्या खुणा रक्तात उमटतात. स्वादुपिंडाच्या पेशींवर रोख धरणारी प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, काही मधुमेही रोग्यांच्या रक्तात असल्याचे १९७४ साली लंडनच्या संशोधकांनी दाखवून दिले. आज त्यांचे मुख्य चार-पाच प्रकार तपासता येतात. एकच प्रकार आढळला तर धोका कमी. दोन किंवा अधिक आढळले, तर साखर ठीक असली तरी आजाराने घरात पाऊल टाकले असे डॉक्टर मानतात. अमेरिका, फिनलंड आणि जर्मनीतल्या मुलांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत अशा दर दहा मुलांपैकी सुमारे सात जणांना दहा वर्षांत मधुमेह झाला.

आधी कळून उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. उपयोग हा की घर सावध राहते आणि पोर बेशुद्ध होईपर्यंत पाळी येत नाही. शिवाय आजार सरासरी दोनेक वर्षे पुढे ढकलणाऱ्या टेप्लिझुमॅब ह्या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. तेव्हा घरात एका मुलाला हा आजार असेल, तर त्याच्या भावंडांच्या तपासणीविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे.

दुसरी तपासणी सी-पेप्टाइडची. भुईमुगाची शेंग फोडली की दाणे निघतात आणि टरफल उरते. स्वादुपिंडात इन्शुलिन तयार होते तेव्हा असेच एक टरफल सुटते, तेच सी-पेप्टाइड. सुईने घेतलेल्या इन्शुलिनमध्ये ते नसते. म्हणून ते मोजले की शरीर स्वतः किती इन्शुलिन करते आहे, ते समजते.

तिसरी एचबीए१सी. ही म्हणजे वाण्याची खातेवही. मागच्या दोन-तीन महिन्यांत साखर कशी होती, त्याचा सरासरी हिशेब ती देते. मात्र सिकलसेल असलेल्यांत किंवा रक्त फार कमी असलेल्यांत हा आकडा फसवा येऊ शकतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रोगी पुष्कळ आहेत. घरात तो आजार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. ह्या मोठ्या तपासण्या सावकाश झाल्या तरी चालतील, पण पुढील लक्षणे दिसली तर एक दिवसही दवडू नका:

पोर घटाघटा पाणी पिते.
सारखे लघवीला जाते. अंथरूण ओले करणे सुटलेले पोर पुन्हा करू लागते.
खाऊनपिऊन वाळत चालते.
मलूल होते, खेळायला उठत नाही.

लघवीच्या जागी मुंग्या लागणे हीही जुनी खूण आहे. उन्हाळा आहे, जंत झाले असतील, नजर लागली असेल, असे म्हणत बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे बोटाच्या एका थेंबावर साखर मिनिटाच्या आत कळते. अशा पोराची साखर कोणत्याही वेळी २०० किंवा त्याहून जास्त भरली, तर तो मधुमेहच समजून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे. उलट्या, पोटदुखी, खोल धापा आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास ही तर जिवावरची वेळ. तेव्हा रात्र असली तरी गाडी जोडावी.

शेवटचे सांगणे. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉमसनला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले. त्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. आज इन्शुलिनवर ती शिकतात, शेती करतात, संसार थाटतात. पण कारल्याचा रस, जांभळाची पूड किंवा अंगारा इन्शुलिनची जागा घेऊ शकत नाही. कुणाच्याही सांगण्यावरून सुई बंद करू नका. कुंपणाने खाल्लेले पीक परत येत नाही, पण पोर मात्र नक्की वाचवता येते.