इंद्रायणीत काय बुडवायचं?

गेल्या रविवारी आमच्या मंडळीत साध्या राहणीवर उपदेश झाला. मुद्दे नेहमीचेच. गरजा कमी करा, प्लॅस्टिकची पिशवी टाळा, देवाची सृष्टी जपा. बाहेर आल्यावर कडुलिंबाचं एक रोप लावलं, फोटो काढले आणि सगळे आपापल्या गाड्या काढून घरी. मीही त्यातलाच, हे आधीच कबूल करतो. माझं घर चाकणच्या पगारावर चालतं.

पण मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा डोक्यातून जाईना. मराठवाड्यातून आलेला, चाकणला कंत्राटी कामगार. एका खोलीत चौघं. त्याने गरजा अजून किती कमी करायच्या? साधी राहणी त्याने निवडलेली नाही, ती त्याच्यावर लादलीय. तो जोडतो तसल्याच गाडीचे हप्ते मी भरतोय!

म्हणून म्हणतो, साधेपणा हा निव्वळ खासगी सद्गुण म्हणून शिकवणं आता पुरे.

पवित्र शास्त्र उघडून बघा. लेवीय २५ मध्ये सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायची आज्ञा आहे. त्याच अध्यायात, विकली गेलेली जमीन पन्नासाव्या वर्षी मूळ कुटुंबाला परत द्यायला सांगितलंय. अनुवाद २४ म्हणतं, गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या. माती आणि माणूस, दोघांचा हिशेब एकाच नियमशास्त्रात. आपण मात्र झाड तेवढं घेतलं आणि मजुरी गाळली. झाड लावल्याने कुणी दुखावत नाही ना!

वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'हरित वसई संरक्षण समिती'च्या लढ्यात उतरले, तेव्हा बरेच दुखावले होते. २०२४ मध्ये फादर गेले. त्यांना श्रद्धांजली वाहणं सोपं, त्यांच्यासारखं वैर पत्करणं अवघड.

आणि आपल्याला तर वसईलाही जायची गरज नाही. देहू हाकेच्या अंतरावर आहे. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं चरित्रकार सांगतात. तुकोबांच्या अभंगांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं मानणारे रेव्हरंड टिळक १९१७ साली मिशनचा पगार सोडून बाहेर पडले. आज त्याच इंद्रायणीवर आळंदीला पांढरा फेस तरंगतो. शहराचं सांडपाणी, उद्योगांचं रसायनमिश्रित पाणी... आणि वारकरी त्यातच स्नान करतात. तुकोबांनी लोकांचं देणं बुडवलं, आपण आपलं देणं लोकांच्या नदीत बुडवतोय.

"मग काय, कारखाने बंद करायचे?" अजिबात नाही. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हापासून या पट्ट्याने कितीतरी घरं जगवली. पण आपल्या बाकांवर इंजिनिअर आहेत, एचआरवाले आहेत, सुटे भाग पुरवणारे छोटे उद्योजक आहेत. प्रत्येकाने सोमवारी आपापल्या ठिकाणी दोनच प्रश्न विचारावेत. ठेकेदाराच्या माणसाचा प्रॉव्हिडंट फंड खरंच भरला जातो का? सांडपाण्याचा प्लांट तपासणी नसतानाही चालतो का?

विचारल्यावर साहेब नाराज होतील. कदाचित बढती हुकेल, नवी गाडी लांबेल.

चालेल की. साधी राहणी तिथून सुरू होते. मी अजून विचारलेलं नाही. या सोमवारी विचारणार आहे.