खेटे, मामा आणि आमचा रोबो

माघातले जोतिबाचे खेटे आमच्या घरात आजोबांपासून चालत आले आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (पुण्या-मुंबईची मंडळी वाचतात म्हणून सांगतो) : माघातल्या रविवारी पहाटे पंचगंगेवरून निघायचं, वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखापाशी यायचं आणि तिथून डोंगर चढून वाडी रत्नागिरी गाठायची. वर पोचलं की गुलाल, खोबरं आणि 'चांगभलं'. पूर्वी मामा सगळ्यांच्या पुढे असायचे. आम्ही पोरं मागून पळत असायचो.

यंदा मामांना घेऊन गायमुखापर्यंत मोटारसायकलवर गेलो. तिथून पुढचं त्यांनी चालतच जायचं म्हटलं. दर पंधरा-वीस पायऱ्यांना थांबायचे. पायऱ्यांच्या कडेला टेकायचे, खोकायचे, आणि मी काही बोलायच्या आत म्हणायचे, "चल, चल, निघू या."

मामांनी उमेदीची सव्वीस वर्षं फौंड्रीत काढली. सुरुवातीला मोल्डिंग, नंतर फेटलिंग. फेटलिंग म्हणजे काय हे कोल्हापुरात सांगावं लागत नाही, बाहेर लागतं. वाळूच्या साच्यात १४०० अंशांच्या आसपासचं लोखंड ओततात. ते थंड झालं की साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात. त्याला वाळू चिकटलेली असते, जोडावर पत्र्यासारखी धार आलेली असते, रायझरचे खुंट राहिलेले असतात. ते सगळं ग्राइंडरनं घासून काढायचं. दिवसभर. हातात थरथरणारं यंत्र, कानात किंचाळी आणि नाकातोंडात धूळ. त्या धुळीतली सिलिका बारीक असते. ती फुप्फुसात जाऊन बसते आणि पुन्हा बाहेर येत नाही. मामांच्या छातीच्या फोटोवर डॉक्टरांनी बोट ठेवून जे दाखवलं ते हेच.

आता माझी बाजू. मी एका कारखान्यात नोकरीला आहे. नाव लिहीत नाही, कारण नोकरी अजून शाबूत आहे :-) दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे फेटलिंगसाठी रोबो बसला. त्याचा प्रस्ताव मी तयार केला होता. बंद केबिन, आत रोबोचा हात, धूळ ओढून घेणारा पंखा, बाहेर काचेमागे एक माणूस. ज्या दिवशी तो चालू झाला त्या दिवशी मला खरोखर मामांची आठवण आली आणि वाटलं, चला, आपण आयुष्यात एक तरी बरं काम केलं.

अजूनही तसंच वाटतं, हे आधी स्पष्ट सांगतो. रोबो म्हटलं की 'माणसाच्या पोटावर पाय' असा गळा काढणाऱ्यांनी एकदा फेटलिंगच्या शेडमध्ये आठ तास उभं राहावं. 'रोबो' हा शब्दच मुळी कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून आला, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ आहे वेठ. आपल्या वेठबिगारीतली वेठ. पहिला औद्योगिक रोबो १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात लागला, तोही साच्यातून तापलेली कास्टिंग काढायला. म्हणजे यंत्राला पहिल्या दिवसापासून कुठलं काम दिलं ते बघा. आमच्या मामांचंच.

तर मग बिनसलं कुठे?

देवळाच्या आवारात गर्दी होती. दर्शन झाल्यावर एका बाजूला सावलीत बसलो. मामांनी कपाळाचा गुलाल पुसला नाही, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, "ते तुज्या रोबोनं किती माणसं गेली रं?"

मी तयार उत्तर दिलं. "मामा, एकालाही काढलं नाही."

हे उत्तर आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. खोटंही नाही. कारखान्याच्या हजेरीपटावरचा एकही माणूस कमी झाला नाही. फेटलिंगला होते ते सहा जण ठेकेदाराचे. बिहारचे चार, ओडिशाचा एक आणि एक आपल्या राधानगरीकडचा. ठेकेदाराला पुढच्या महिन्यापासून सहा माणसं कमी पाठव म्हणून सांगितलं, विषय संपला. माझ्या प्रस्तावात 'मनुष्यबळ बचत' असा एक रकाना होता आणि त्यात मी ६ हा आकडा लिहिला होता. पैसे किती वर्षांत वसूल होतात ते त्या सहावर ठरलं.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी बी ठेकेदाराचाच व्हतो की."

हे मला माहीत होतं. पण कधी जोडून पाहिलं नव्हतं.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तरतूद होती, की यंत्रसुधारणेमुळे कामगार कमी होणार असतील तर मालकानं त्यांना आधी २१ दिवसांची नोटीस द्यावी. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती तरतूद आली आहे. पण जो माणूस आमच्या कागदावर 'आमचा' नाहीच, त्याला ती नोटीस कोण देणार? मुळात ठेक्याची पद्धत इतकी मुरली आहे, की यंत्र येण्याआधीच माणूस हिशेबातून गेलेला असतो. रोबोवर उगाच आळ येतो.

दुसऱ्या बाजूचंही ऐका. आमचे मालक लोक म्हणतात, फेटलिंगला माणूस मिळत नाही. खरं आहे. शिरोलीत, गोकुळ शिरगावात, कागलच्या पंचतारांकित वसाहतीत कुठेही विचारा. आपली पोरं त्या कामाला येत नाहीत, आणि त्यांनी का यावं? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये परप्रांतीय गावी गेले तेव्हा शेडच्या शेड ओस पडल्या होत्या. गाड्यांच्या कंपन्यांना माल हवा तेव्हा आणि हवा तसाच लागतो. चीनमध्ये २०२३ या एका वर्षात पावणेतीन लाखांवर औद्योगिक रोबो बसले, आपल्याकडे साडेआठ हजारांच्या आसपास. स्पर्धा त्यांच्याशी आहे. हे सगळं मला पटतं.

आणि कोल्हापूरला बदल नवा नाही. उद्यमनगरात एकेकाळी शेतीची ऑईल इंजिनं बनायची. शेतावर वीज आली, इंजिनं गेली, तर इथल्या लोकांनी गाड्यांचे भाग ओतायला घेतले. इचलकरंजीत १९०४ साली दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे अख्खं गाव त्यावर जगलं. पण हे उदाहरण देताना मी नेहमी एक गोष्ट गाळतो : हातमागवाल्या घरांचं त्या मधल्या वर्षांत काय झालं? त्यांची गोष्ट 'गाव जगलं' या वाक्यात मावत नाही.

शिवाय रोबो बसवल्यावर जे कळलं ते प्रस्तावात नव्हतं. प्रत्येक कास्टिंग नकाशाबरहुकूम येत नाही. साचा थोडा सरकला की धार जाड येते, रोबो ठरल्या वाटेनं जातो आणि ग्राइंडिंगचं चाक फुटतं. पहिले तीन महिने आम्ही चाकंच बदलत होतो. शेवटी उपाय सांगितला तो राधानगरीच्या पोरानं. सातपैकी दोन नमुन्यांत धार नेमकी कुठे येते हे त्याला तोंडपाठ होतं, हातानं चार वर्षं घासलं होतं त्यानं. त्याला ठेकेदाराकडून शोधून परत आणावं लागलं. आज काचेमागे तोच उभा असतो. बाकीचे पाच कुठे आहेत मला माहीत नाही. नावं दोघांचीच आठवतात.

उतरताना मामांना विचारलं, चैत्रात सासनकाठीला येणार का? एवढी उंच काठी, दोऱ्यांनी चारी बाजूंनी तोललेली, उन्हात नाचवायची... मी थट्टेनं म्हटलं, "तिला चाकं लावू या आता, मामा." (आरतीला विजेवरचे ढोल-घंटा आले, मग हे का नको!)

मामा थांबले. दम खाऊन म्हणाले, "काठी मी हौसेनं धरली लेका. ग्राइंडर पोटासाठी धरला. तेला लाव की काय लावायचं ते. पर पोराला इचारून लाव."

असो. दुसऱ्या रोबोचा प्रस्ताव सध्या माझ्याकडेच आहे. या वेळी बचतीच्या रकान्यात आकडा नाही, पाच नावं लिहिली आहेत, ठेकेदाराकडून मागवून. पुढे प्रत्येकाच्या तीन महिन्यांच्या शिकवणीचा आणि पगाराचा खर्च धरला आहे. त्यामुळे पैसे वसूल व्हायला सात महिने जास्त लागतात. साहेबांनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "ठेवून जा." तीन आठवडे झाले.