चावऱ्या नळाची दुसरी गोष्ट

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळी अंकात याच पानावर मी ‘चावरा नळ’ नावाचा लेख लिहिला होता, तो काही वाचकांना आठवत असेल. आमच्या आईचे म्हणणे असे होते की, न्हाणीघरातला नळ चावतो. एवढ्या एका वाक्यावर मी तीन पाने लिहिली. नळाला दात केव्हा येतात, तो शाकाहारी की मांसाहारी, सोलापुरात जिथे पाणीच रोज येत नाही तिथे नळ भुकेला राहिला तर नवल काय, असे पुष्कळ विनोद त्यात होते. वर्गात चेतनगुणोक्ती शिकवताना मी आईचेच वाक्य उदाहरण म्हणून फळ्यावर लिहितो, हेही मोठ्या कौतुकाने सांगितले होते. लेख लोकांना आवडला. कुणाकुणाची पत्रे आली. आईने तो लेख वाचला, चष्मा पुसला आणि अंक शेजारी ठेवून दिला. ती काहीच बोलली नाही, तेव्हा तिलाही तो आवडला असावा अशी मी समजूत करून घेतली.

आज त्याच नळाविषयी पुन्हा लिहायला बसलो आहे, कारण तो खरोखरच चावत होता.

आमचे घर उत्तर कसब्यात. दगडमातीच्या दोन हात रुंद भिंती, वर माळवद, मधे लहानसा चौक आणि चौकात तुळस. आजोबा गिरणीत कामाला होते. घरात पहिला दिवा त्यांनी आणला. सागवानी पट्ट्यांवर रबराच्या वेष्टणाची तांब्याची तार, काळे गोल खटके आणि चिनी मातीचे फ्यूज असा तो थाट. पुढे वडिलांनी रेडिओ, पंखे आणि मिक्सर यांसाठी आणखी तारा ओढल्या. त्या काळात तांबे महाग म्हणून घरोघर ॲल्युमिनियमची तार पडत असे, तीच आमच्याकडेही पडली. त्यानंतर मी आलो. फ्रिज, धुलाईयंत्र, इन्व्हर्टर, पाण्याची मोटर, मुलीचा संगणक; मी जे जे आणले त्याला जिथून जवळ पडेल तिथून वीज दिली. तीन पिढ्यांनी आपापली भर घातली; आधीचे काढायचे मात्र कुणाला सुचले नाही.

यंदाच्या मे महिन्यात आईचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे मामा, चार दिवस राहायला आले. मामा नौदलात वीजविभागात होते. जामनगरला ‘वलसुरा’ म्हणून नौदलाची वीजविद्येची शाळा आहे, तिथे त्यांचे शिक्षण झाले. निवृत्तीनंतर ते गोव्यात स्थायिक झाले आणि हौशी लोकांच्या जुन्या शिडाच्या बोटींचे वायरिंग नव्याने करून देतात. समुद्रापासून इतक्या दूरच्या सोलापुरातला मुलगा दर्यावर्दी कसा झाला, हा आमच्या घराण्यातला एक जुना चमत्कार आहे.

त्या दिवशी पाणी आले होते, हौदातले पाणी माळवदावरच्या टाकीत चढवायला मोटर लावली होती, आणि मामा आंघोळीला गेले. दोन मिनिटांत अंगाला पंचा गुंडाळून, साबणासकट बाहेर आले.

“अक्का, तुझा नळ चावतो गं,” ते म्हणाले.

“सहा वर्षं तेच सांगतेय,” आई म्हणाली. “याने त्यावर गोष्ट लिहिली.”

मामा हसले नाहीत. त्यांनी आईला समोर बसवले आणि डॉक्टर विचारतो तसे विचारायला सुरुवात केली. कधी चावतो? पाण्याच्या दिवशी. रोज नाही? नाही, मोटर लागली की. कधीपासून? दारातला नळाचा पाइप बदलला तेव्हापासून. कुठेही उभे राहिले तरी चावतो का? नाही, लाकडी पाटावर उभे राहिले की चावत नाही.

पाटाची गोष्ट ऐकून मी चपापलो. आई आंघोळीला कोरडा पाट पायाखाली घेते आणि नळ सोडताना हातात कोरडे फडके धरते, हे आम्ही सगळे पाहत होतो. आम्ही ते सोवळे समजत होतो!

मामांनी पिशवीतून मीटर काढले. तुळशीपाशी ओल्या मातीत एक लोखंडी सळई ठोकली, मीटरचे एक टोक तिला आणि दुसरे नळाला लावले. मोटर बंद असताना काटा जागेवर. मोटर लावली, काटा ९६ व्होल्टवर. पुन्हा बंद, पुन्हा शून्य. मी शास्त्राचा मनुष्य नव्हे, पण तो काटा वर-खाली होताना पाहून माझे पाय गार पडले. तो नळ आईने, सौ.ने, मुलीने रोज ओल्या हातांनी धरलेला.

उलगडा झाला तो असा. मोटरच्या आतल्या वेटोळ्याचे वेष्टण जुने होऊन थोडी वीज तिच्या लोखंडी अंगात झिरपत होती. अशी वीज जमिनीत जावी म्हणून अर्थिंगची तार असते. आमच्याकडे ती तार वडिलांच्या वेळेपासून नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली होती. पाइप रस्त्यापर्यंत जमिनीतून लोखंडीच होता, तोवर वीज त्यातून निमूटपणे मातीत जात होती. गंजला म्हणून मी तो बदलला आणि प्लॅस्टिकचा घातला. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही. त्या दिवसापासून मोटरची गळती घरातल्या सगळ्या नळांत तुंबून राहू लागली आणि वाट मिळेल तिथून, म्हणजे आईच्या अंगातून, जमिनीत उतरू लागली.

“माळवदाची पन्हळ बुजवलीस,” आई मला म्हणाली. “पाणी भिंतीतच मुरणार.”

वीजशास्त्रावर इतके नेमके वाक्य मी अजून वाचलेले नाही.

मोटर त्याच क्षणी बंद झाली. ती दुरुस्त करून भागेल अशी माझी आशा होती. मामांनी बोर्ड उघडले आणि ती मावळली. आजोबांच्या तारेवरचे रबर बोट लावताच रांगोळीसारखे गळाले. तांब्याची तार आणि ॲल्युमिनियमची तार पीळ देऊन जोडलेली, वर कापडी पट्टी. ती सोडली तर आतला जोड काळाठिक्कर. या दोन धातूंचा सांधा कधीच धड जमत नाही. तो सैल होतो, त्यावर पुट चढते आणि तो तापतो. माजघरातला दिवा लुकलुकायचा तो यामुळे. वडील आयुष्यभर वीजकंपनीला शिव्या देत गेले. काही दिव्यांचे खटके भलत्याच तारेवर होते, म्हणजे दिवा विझला तरी होल्डरमध्ये वीज जिवंतच.

मग फ्यूज. २ एप्रिल २०११ रोजी, विश्वचषकाचा अंतिम सामना रंगात आला असताना आमचा फ्यूज उडाला होता. मी धावत जाऊन त्यात तांब्याच्या सात तारा पीळ घालून बसवल्या. त्यानंतर तो एकदाही उडाला नाही, याचा मला अभिमान होता. मामांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला. “हा फ्यूज नाही, खिळा आहे,” ते म्हणाले. बारीक तार वितळून घर वाचवते. मी ती वितळणार नाही अशी सोय करून ठेवली होती.

याच सोलापुरात ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूरहून येणारी ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याला जोडले गेले. सारा देश आमच्या गावाच्या वेशीवर एका सुरात आला, आणि कसब्यातल्या एका न्हाणीघरात सहा वर्षे एक बाई पाटावर उभी राहून आंघोळ करत होती.

वायरिंग मुळापासून नवे करायचे ठरले. परवानाधारक वायरमन आला. मामा चार दिवसांचे बारा दिवस राहिले. त्यांची पद्धत बोटीवरची. जुनी बोट म्हणजे, ते सांगत, दहा मालकांचे दहा हात फिरलेले घरच. प्रत्येकाने आपला दिवा, आपला पंप, आपला रेडिओ जोडलेला. निम्म्या तारा कुठून निघतात ते कळते, कुठे जातात ते कळत नाही. म्हणून नवी तार टाकण्याआधी जुनी मेलेली तार शोधून काढायची. बोटीवर बारा व्होल्टची बॅटरी असते, तिचा धक्का बसत नाही. पण व्होल्ट कमी म्हणून अँपिअर जास्त, आणि बारीक तारेतून ते नेले की तार तापते. आग लागली तर भर समुद्रात पळायचे कुठे? खारे पाणी तारेच्या वेष्टणाखाली शिरून तांबे काळे करते, म्हणून तिथे कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरतात. लाटांनी सतत हादरे बसतात, म्हणून एकच जाड तार न घेता अनेक बारीक धाग्यांची घेतात. आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना तिचा क्रमांक.

“एवढा खटाटोप कशाला?” मी विचारले.

त्यावर त्यांनी ‘म्हादेई’चे नाव काढले. गोव्यात दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली ही शिडाची नौका घेऊन २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असे करणारे ते पहिले भारतीय. “त्या माणसाने रात्री दिवा गेला तर कुणाला हाक मारायची?” मामा म्हणाले. “वायरमन तोच, खलाशी तोच, स्वयंपाकी तोच. अंधारात हाताला लागेल ती तार कसली, हे त्याला ठाऊक हवं. तुझ्या घरात तरी कुणाला ठाऊक आहे?”

नव्हते. म्हणून त्यांनी मला कागदावर घराचा नकाशा काढायला लावला. कुठल्या तारेवर काय चालते ते लिहिण्याचे काम, मी मराठीचा प्राध्यापक म्हणून, माझ्याकडे आले. मी ऐटीत ‘माजघर’ लिहिले. मुलगी म्हणाली, “बाबा, मधली खोली म्हणा, रात्री माजघर कोण शोधणार?” मी खोडले.

कामाचे वर्णन लांबवत नाही. भिंतीत झिरी पाडून तारा आत दडवाव्यात असे वायरमनचे मत होते, पहिल्या चार ठोक्यांनाच घमेलेभर पांढरी माती खाली आली आणि तो म्हणाला, “सर, ही भिंत नाय, पीठ आहे की!” मग वरूनच पट्ट्या मारल्या. दिव्यांना दीडची तार, प्लगांना अडीचची, मोटरला स्वतंत्र. परतीची काळी, अर्थची हिरवी. सोलापूरचा मे महिना, नऊ दिवस पंखा नाही. आम्ही माळवदावर झोपलो आणि पहाटे चारला उठून उन्हाआधी आवरून घेऊ लागलो. खर्च किती आला ते इथे सांगत नाही, कारण सौ. हे पान वाचते.

एका लहानशा पेटीविषयी मात्र सांगितले पाहिजे. तिचे नाव आरसीसीबी. जेवढी वीज एका तारेने घरात गेली तेवढीच दुसऱ्या तारेने परत आली की नाही, एवढेच ती पाहते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की वीज कुठेतरी गळते आहे असे समजून क्षणार्धात सगळे बंद करते. १५ अँपिअरच्या फ्यूजला ही गळती कळणारच नाही. ती त्याच्या पाचशेव्या हिश्शाएवढी असते, पण माणसाला पुरते. तिच्या अंगावर ‘टेस्ट’ असे एक बटण असते. ते अधूनमधून दाबून ती जागी आहे ना हे पाहायचे असते. ज्यांच्या घरी ही पेटी नाही त्यांनी दिवाळीच्या माळा लावण्याआधी वायरमनला विचारावे.

आमच्याकडे तिसऱ्याच दिवशी ती पडली. गुन्हेगार निघाला आईचा लाडका जुना मिक्सर. तोही चावण्याच्या बेतात होता.

अर्थिंगसाठी चौकात खोल खड्डा खणला, त्यात लोखंडी नळी, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, वर पाणी ओतायला जागा. जमीन कोरडी पडली तर तिची वीज घेण्याची शक्ती कमी होते, तेव्हा उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत जा, असे मामा बजावून गेले. पाण्याच्या गावाला हे सांगणे सोपे!

एक गोष्ट राहिली. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाई काम सोडून गेल्या. “तुमच्या घरचा नळ बरा नाही,” एवढेच कारण त्यांनी दिले. पगार वाढवून हवा असेल, आईचे ऐकून तेच बोलत असतील, असे म्हणून आम्ही तो विषय मिटवला. माझ्या त्या लेखात त्यांच्यावरही एक विनोद होता. जूनमध्ये सौ. त्यांच्या घरी जाऊन सगळे सांगून आली. मीही जायला हवे होते. बाई काही बोलल्या नाहीत, चहा मात्र केला. परत कामाला येता का, असे विचारायचे धैर्य सौ.ला झाले नाही.

हा लेख छापायला धाडण्यापूर्वी मी आईला वाचून दाखवला. या खेपेला तिची तशी अटच होती. तिने डोळे मिटून ऐकला आणि दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, नळ एकदम चावत नसे. आधी मुंग्या येत आणि मग चावे, आणि पावसाळ्यात अधिक. दोन, पाट सहा वर्षे नव्हे, साडेपाच. पहिले सहा महिने ती नुसतीच सोसत होती.

मग ती उठली, तांदूळ धुतलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून तिने भांड्यात धरून ठेवले होते ते घेऊन चौकात गेली आणि अर्धे तुळशीला, अर्धे अर्थिंगच्या खड्ड्याला घालून आली.