पृथ्वी भागधारक, मग कामगार कोण?

पर्यावरण वाचवणाऱ्या एखाद्या कंपनीत मुलीला नोकरी लागली की नातेवाईक पगार विचारतात आणि आकडा ऐकून स्वतःच समजूत घालतात, ‘पण कामाचं समाधान आहे ना!’ समाधान असतंच. प्रश्न इतकाच, की ते पगाराच्या जोडीला मिळतं की पगारातून वळतं केलं जातं? स्टुअर्ट बंडरसन आणि जेफ्री थॉम्पसन यांनी अमेरिका-कॅनडातल्या प्राणिसंग्रहालयांमध्ये प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांचा अभ्यास केला; तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक जण पदवीधर, काम पिंजरे धुण्याचं, पगार बेताचा. आपला जन्मच या कामासाठी आहे असं ज्यांना वाटे, ते पैसा, वेळ, सुखसोयी यांवर सहज पाणी सोडत. इथवर सगळं मालकाच्या सोयीचं. पण व्यवस्थापन याचा गैरफायदा तर घेत नाही ना, यावर नजरही तेच जास्त ठेवत आणि संस्थेला कडक कसोटी लावत. ध्येयापोटी आलेला माणूस स्वस्तात मिळतो खरा, पण डोळे मिटून राबत नाही.

कॅलिफोर्नियातली पॅटागोनिया ही गिर्यारोहकांचे कपडे विकणारी कंपनी ध्येय आणि कर्मचारी दोन्ही सांभाळण्याच्या बाबतीत आदर्श मानली जाते, आणि ते फुकाचं नाही. तिथे १९८३ पासून कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघर आहे. पर्यावरणासाठी शांततेने आंदोलन करताना अटक झालेल्या कर्मचाऱ्याचा जामीन कंपनी भरते. सप्टेंबर २०२२ मध्ये संस्थापक इव्हॉन शुईनार्ड यांनी मालकी एका विश्वस्त निधीकडे आणि एका ना-नफा संस्थेकडे सोपवली. आता पृथ्वी हीच आमची एकमेव भागधारक, असं जाहीर केलं. मग जून २०२४ मध्ये ग्राहकसेवेतल्या नव्वद जणांना कळवण्यात आलं, की ठरवून दिलेल्या सात शहरांपैकी एकाजवळ राहायला या, नाही तर नोकरी सोडा. आणि हे ठरवायला मुदत तीन दिवसांची. कंपनीकडे व्यवहारी कारणं असतील, असतातच. पण पृथ्वी असल्या बैठकीत हात वर करत नाही. चांगुलपणा वरून खाली येतो तेव्हा तो वरूनच आटतो.

उलट बाजूने उभी राहिलेली एक संस्था पुण्यात आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना झाली, आणि तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. तिचे तीन हजारांहून अधिक सभासद, त्यातही बहुसंख्य बायका, हेच तिचे मालक. दारोदारचा कचरा उचलायचा, घरटी शुल्क घ्यायचं, सुका माल भंगारात विकून येणारा पैसा आपला. वापरलेले सॅनिटरी पॅड उघड्या हातांनी वेगळे काढावे लागत. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढी साधी मागणी या बायकांनी केली. २०१३ मध्ये तर वापरलेले पॅड थेट उत्पादक कंपन्यांनाच परत धाडले. वेष्टन उत्पादकांनी द्यावं, ही तरतूद २०१६ च्या घनकचरा नियमांत आली. ज्याचे हात घाणीत, त्याचा आवाज निर्णयात असला की ध्येय मागे पडत नाही, धारदार होतं.

यावर म्हटलं जाईल की ध्येयवादी कंपन्यांकडे पैसा असतो कुठे? प्रदूषण फुकटात करणाऱ्यांशी त्यांची स्पर्धा. मान्य. पैसा नसेल तर हिशेब उघडा ठेवावा, वरच्यांचे आणि खालच्यांचे पगार एकाच कागदावर दिसू द्यावेत, कपातीची वेळ आली तर आधी बसून बोलावं. यातल्या कशालाही भांडवल लागत नाही. लोक स्वखुशीने कमी पगार घेतात, हाही युक्तिवाद होतो. ज्याच्या घरी दुसरं कुणी कमावतं आहे, त्याची खुशी वेगळी. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायला आधी घरी खायला लागतं. ज्यांच्याकडे ते नाही, अशी हुशार मुलं या क्षेत्राकडे फिरकतच नाहीत आणि नदी, जंगल, कचरा यांवरचे निर्णय खाऊनपिऊन सुखी माणसांच्या हाती राहतात. ‘स्वच्छ’मधल्या बायकाही काही श्रीमंत झालेल्या नाहीत, हा आक्षेप मात्र खरा आहे. शुल्क बुडवणारी घरं आहेत, पावसाळ्यात ओला कचरा जड होतो, भंगाराचा भाव पडला की महिन्याचं गणित कोसळतं. महापालिकेबरोबरचा पाच वर्षांचा करार २०२० अखेर संपल्यावर मुदतवाढीवर दिवस काढावे लागले. मालकीने ही अनिश्चितता मिटली नाही; फक्त शुल्क किती मागायचं आणि काय उचलायला नकार द्यायचा, हे त्या एकमेकींशी बोलून ठरवू शकतात.