बंपरला ओरखडा पडला म्हणून क्लेम टाकताय? आधी हा हिशोब बघा

अमरावती ते अकोला हायवेवर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचं डांबरीकरण झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता झाला झकास. पण अकोल्यातल्या कारवाल्यांना विचारा, गाडी घासली कुठं? हायवेचं नाव क्वचितच निघेल. टिळक रोडवर पार्किंग काढताना, जठारपेठेत रिव्हर्स घेताना, नाहीतर स्वतःच्याच घराच्या गेटला. मग “काहून बे, दिसत नाही काय?” अशी दोन वाक्यं होतात, दुचाकीवाला निघून जातो आणि बंपरवर वीतभर पांढरी रेघ उरते.

यानंतर दोन सल्ले हमखास मिळतात. शेजारचे काका म्हणतात, “अरे, इन्शुरन्स कशाले काढला मंग? टाक क्लेम.” आणि शोरूममधला सर्व्हिस अॅडव्हायझर म्हणतो, “सर, बंपर नवीनच टाकून घ्या, आता जीएसटीपण कमी झालाय.”

आधी जीएसटीचं बघू, कारण ते खरं आहे. ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी कौन्सिलने नवे दर ठरवले आणि २२ सप्टेंबरपासून ते लागू झाले. कारच्या बंपरसारख्या पार्टवर आधी २८ टक्के कर होता, तो १८ टक्क्यांवर आला. समजा बंपरची मूळ किंमत ५,००० रुपये आहे, तर कर १,४०० वरून ९०० झाला. वाचले ५०० रुपये. डेंटिंग-पेंटिंगच्या कामावर मात्र आधीही १८ टक्केच होते, आताही तेवढेच आहेत.

म्हणजे पार्ट बदलणं थोडं स्वस्त झालं, दुरुस्ती आहे तिथंच राहिली. पण यात एक गोष्ट काउंटरवर सहसा कुणी सांगत नाही. बऱ्याच मॉडेल्सचा नवा बंपर बिनरंगाचा येतो. तो तुमच्या गाडीच्या रंगात रंगवावाच लागतो. म्हणजे पेंटिंगचा खर्च टळलाच नाही, वर बंपरचे पैसे गेले. बंपर फाटला असेल, त्याचे क्लिप लावायचे कान तुटले असतील, तर बदला. नुसत्या रेघेसाठी नाही.

आता रेघ नेमकी किती खोल आहे, हे घरीच कळतं. त्यावर पाणी टाका. ओलं असताना ओरखडा दिसेनासा झाला, तर तो फक्त वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये आहे. रबिंग-पॉलिशने तो बहुतेक जातो. मग बोटाचं नख आडवं फिरवा. नख अडकत असेल तर ओरखडा रंगापर्यंत गेलाय, तिथं टचअप लागेल. आत काळं प्लास्टिक दिसत असेल तर पॉलिशने काही होणार नाही, तिथं रंगकामच करावं लागेल. आणि अनेकदा तो ओरखडा नसतोच. समोरच्या गाडीचा किंवा भिंतीचा रंग आपल्या बंपरला चिकटलेला असतो. रबिंग कंपाउंड आणि मऊ फडक्याने तो निघतो. त्यासाठी कुणी पूर्ण बंपर रंगवायला सांगत असेल तर दुसरं गॅरेज बघा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. आजच्या बहुतेक गाड्यांचा बंपर प्लास्टिकचा असतो आणि प्लास्टिकला गंज लागत नाही. दाराचा पत्रा उघडा पडला तर पावसाळ्याआधी काम केलेलं बरं, नाहीतर तिथून गंज पसरतो. बंपरची रेघ मात्र सहा महिने तशीच राहिली तरी गाडीचं काही बिघडत नाही. बिघडतो तो आपला मूड. त्यामुळं “आजच करून घ्या” या घाईला बळी पडायची गरज नाही.

आता काकांच्या सल्ल्याकडे येऊ, कारण खरे पैसे इथं जातात.

वर्षभर क्लेम केला नाही की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, म्हणजे ओन डॅमेजच्या प्रीमियमवर नो क्लेम बोनस मिळतो. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. एक क्लेम केला की पुढच्या रिन्यूअलला हा बोनस शून्य. ओरखडा असो नाहीतर अख्खं बोनेट, बोनसला फरक पडत नाही.

उदाहरणच घ्या. बंपर रंगवायचं बिल ८,००० रुपये आलं. साध्या पॉलिसीत रंगाच्या मटेरियलवर ५० टक्के घसारा कापतात. पेंटिंगचं बिल एकत्र असेल तर त्यातलं २५ टक्के मटेरियल धरतात. ८,००० चे २५ टक्के म्हणजे २,००० आणि त्याचे निम्मे, म्हणजे १,००० कापले. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये स्वतः भरावेच लागतात. कंपनीकडून आले ६,०००.

आता दुसरी बाजू. समजा बोनस वगळता तुमचा ओन डॅमेज प्रीमियम १२,००० आहे आणि तुम्ही ५० टक्के बोनसवर पोहोचलाय. क्लेमनंतर पहिल्या वर्षी ६,००० रुपयांची सूट गेली. दुसऱ्या वर्षी ५० ऐवजी २० टक्के, म्हणजे ३,६०० गेले. तिसऱ्या वर्षी ३,०००, चौथ्या वर्षी १,८००, पाचव्या वर्षी ६००. एकूण १५,०००. गाडी जुनी होते तसा प्रीमियम कमी होतो, त्यामुळं प्रत्यक्षातला आकडा थोडा खाली येईल. तरी ६,००० मिळवायला त्याच्या दुपटीच्या आसपास घालवणं हा काही शहाणपणाचा व्यवहार नाही.

झिरो डेप घेतला असेल तर घसारा वाचतो, बोनस वाचत नाही. त्यासाठी एनसीबी प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर लागतं. ते पॉलिसीत असेल तर गणित बदलतं, म्हणून क्लेमआधी पॉलिसीचा कागद एकदा उघडून बघाच. आणि गाडी नवीच असेल, अजून बोनस जमलाच नसेल, तर गमावायला तुलनेने कमी आहे.

यावर काही लोकांनी जुगाड काढलाय. वर्षभराचे ओरखडे साठवायचे आणि रिन्यूअलच्या आधी एकाच अपघातात सगळे दाखवायचे. पुढचा बंपर, मागचा बंपर आणि डावं दार एकाच धडकेत कसं घासलं, हे क्लेम फॉर्मवर लिहून खाली सही तुम्हालाच करायची असते. प्रत्येक घटना वेगळा क्लेम असतो. खोटी माहिती दिली म्हणून क्लेम नाकारला गेला तर सल्ला देणारा एजंट पुढं येत नाही.

दुसरा जुगाड म्हणजे बंपरपुढं लोखंडी गार्ड लावणं. ओरखड्यांपासून बंपर वाचतो, हे खरं. पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलंय. मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आहे. दंड सोडा. धडक बसल्यावर बंपर आणि त्यामागचा भाग दबावा, त्यावर एअरबॅग उघडायची वेळ ठरावी, असं गाडीचं डिझाइन असतं. मधे लोखंड आलं की ती वेळ चुकू शकते. आणि समोर पायी चालणारा माणूस असेल तर ते लोखंड त्यालाच लागतं. दोन हजारांच्या रंगासाठी हा धोका घेणं मला तरी पटत नाही.

म्हणजे छोट्या ओरखड्याला खिशातून पैसे घालून नेहमीच्या पेंटरकडं जाणं बहुतेकांना परवडतं. घरीच पॉलिश करणार असाल तर अकोल्यात वेळ सांभाळा. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांपुढं गेला आणि जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लावावं लागलं, असं हे शहर. उन्हात तापलेल्या बंपरवर कंपाउंड लगेच वाळतं आणि डाग पडतात. सकाळी लवकर, सावलीत, बंपर हाताला गार लागत असताना काम करा.

पेंटरकडं देताना रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवरून वाचून द्या, नुसतं “सिल्व्हर” सांगू नका. प्लास्टिकसाठीचा वेगळा प्रायमर मारणार का, हे आधीच विचारा. तो नसेल तर काही महिन्यांत रंगाचे पापुद्रे निघतात. जुलै २०१९ नंतरच्या कारमध्ये मागं पार्किंग सेन्सर असतातच, ते रंगाआधी काढायला किंवा झाकायला सांगा, कारण त्यावर जाड थर बसला की ते चुकीचं बीप करतात. आणि नंबरप्लेट एचएसआरपी असेल तर ती उचकटू देऊ नका. तिचं लॉक एकदाच बसतं, तुटलं की पुन्हा तेच वापरता येत नाही. टेप लावून प्लेट झाकली तरी रंगकाम होतं.